दीड तासाची शांतता

त्या गल्लीत शिरणाऱ्या नव्या माणसाने आधी कानांवर हात ठेवायचे आणि मग पत्ता विचारायचा, असा जणू नियमच होता. अकरा दुकानं, अकरा ऐरणी आणि सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत तांब्यावर हातोड्यांचा मारा. पत्ता विचारून तसा उपयोगही नसायचा, कारण ज्याला विचारला त्याला प्रश्न ऐकूच आलेला नसायचा. तीस-तीस वर्षं ठोकाठोकी करून गल्लीतल्या पुरुषांचे कान कामातून गेले होते. म्हणून गल्ली हातांनी बोलायची. दोन बोटं वर म्हणजे चहा. तळहात आडवा म्हणजे थांब. मूठ कपाळाला लावली की समजायचं, गिऱ्हाईक चिकट आहे. घरी गेल्यावर मात्र हीच माणसं तोंडाने बोलायची, आणि त्यांनी साधं मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटायचं, आज पुन्हा जुंपली.

सातव्या दुकानाचा तांबट त्या आठवड्यात दारोदार फिरत होता आणि प्रत्येकाकडे एकच भलती गोष्ट मागत होता. शांतता. गुरुवारी सकाळी अकरा ते साडेबारा. दीड तास हातोडी खाली ठेवायची, पत्रा कापायचा नाही, भट्टीचा पंखासुद्धा बंद.

"कोण गेलं?" तिसऱ्या दुकानाच्या म्हाताऱ्याने विचारलं. गल्ली बंद राहिल्याचं त्याने आजवर फक्त मयतालाच पाहिलं होतं.

"कुणी गेलं नाही. माझी लेक जायचीय," तांबट ओरडून म्हणाला. "राजधानीत. विद्यापीठात."

लेकीला गल्लीत सगळे मास्तरीण म्हणत. सहा वर्षांची असताना ती एका कारागिरासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती आणि "काका, तुमचा ठोका चुकतोय" असं तिने त्याला सुनावलं होतं. ठोका खरंच चुकत होता. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलं. आता मास्तरीण बारावी झाली होती, आणि तिला धातूंचं शास्त्र शिकायचं होतं. तालुक्याच्या कॉलेजात कला आणि वाणिज्य एवढीच दोन दारं. धातूचा तिथे एकच संबंध, तो म्हणजे फाटकाचा. फुकटात धातूशास्त्र शिकवणारं विद्यापीठ अख्ख्या देशात एकच होतं. जागा चाळीस, अर्ज अठरा हजार. त्यातून लेखी परीक्षेने निवडले नव्वद, आणि त्या नव्वदांत मास्तरीण. उरली होती मुलाखत. ती झाली की फी माफ, वसतिगृह माफ, सगळं माफ. नाही झाली की वाणिज्य.

मुलाखत फोनच्या पडद्यावर होणार होती, आणि इथेच घोडं अडलं. शाळेतला संगणक तीन वर्षं आजारी होता. घर गल्लीच्या मागच्या उतारावर, तिथे फोनला रेंज म्हणून नाही. सगळी पायपीट करून झाल्यावर रेंज सापडली ती नेमकी दुकानाच्या माळ्यावर, शिडीच्या वरच्या टोकाला, छोट्या खिडकीपाशी. तिथून हातभर मागे सरकलं की समोरचा माणूस गोठायचा.

"म्हणजे एवढं मोठं विद्यापीठ येणार ते आपल्या शिडीवर," बायको म्हणाली आणि झाडू घेऊन माळ्यावर चढली.

त्या जागेचं लेकीला काही नवल नव्हतं. लहानपणापासून ती तिथेच वाढली. माळ्याच्या कडेला बसायचं, पाय शिडीच्या वरच्या पायरीवर सोडायचे, मांडीवर वही. खाली बाप हंडा ठोकतोय, दोन्ही बाजूंनी दहा दुकानं कानठळ्या बसवताहेत, आणि पोरगी गणितं सोडवतेय. तान्ही होती तेव्हा तर त्या कलकलाटात ती ढाराढूर झोपायची आणि जेवणाच्या सुट्टीत गल्ली थांबली की दचकून रडत उठायची. वाचताना तिच्या उजव्या पायाचा अंगठा सारखा हलायचा. तांबट पाणी प्यायला थांबला की वरून लगेच आरोळी यायची, "बाबा, थांबलात का? काय झालं?" बापाला वाटायचं, किती काळजी आहे पोरीला. तो गल्लीभर सांगत सुटायचा.

दहा दुकानांपैकी नऊ दुकानांनी मान डोलावली. राहिला शेजारचा, आठव्या दुकानाचा गडगड्या. हा लग्नकार्याचे मोठाले हंडे घडवायचा, त्याची हातोडी इतरांच्या दुप्पट, आणि ती पडली की तांबटाच्या फळीवरच्या वाट्या नाचायच्या. हातगाडी कुणी कुणाच्या दारात लावायची यावरून गेले सहा महिने दोघांत अबोला होता. अबोला म्हणजे हातांचा अबोला. गडगड्या त्याला बोटसुद्धा दाखवत नव्हता. तांबट बुधवारी नाक मुठीत धरून त्याच्या दारात उभा राहिला.

"दीड तास?" गडगड्या गरजला. "माझं गिऱ्हाईक शुक्रवारी हंडा न्यायला येणार. तो काय तुझी लेक ठोकून देणार?"

"मी येतो ठोकायला. गुरुवारी दुपारी."

"तू? माझ्या हंड्याला हात लावशील?" गडगड्याने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने हंडाच मागितला. मग बराच वेळ त्याने हातोडीचा दांडा फडक्याने पुसला. "मास्तरणीसाठी गप्प बसेन. तुझ्यासाठी नाही, लक्षात ठेव."

गुरुवारी पावणेअकराला मास्तरीण माळ्यावर बसली. विजेचा भरवसा नाही म्हणून शाळेच्या विज्ञानाच्या बाईंनी घरची बॅटरी पाठवली होती. अंगात इस्त्रीचा नवा सदरा, केस चापून बसवलेले. खाली मात्र रोजचीच विटकी सलवार आणि अनवाणी पाय, कारण पाय पडद्यावर दिसत नाहीत. कमरेच्या वर विद्यापीठ, कमरेच्या खाली गल्ली. आईने वर जाऊन तिचा चेहरा पुसला, कौतुकाने पुन्हा एकदा पुसला, तेव्हा ती म्हणाली, "आई, भांडं आहे का मी?" आई हसत खाली आली आणि दाराबाहेर स्टूल टाकून पहारेकऱ्यासारखी बसली.

अकरा वाजले आणि एकेक करून हातोड्या थांबल्या. पहिलं दुकान, दुसरं, पाचवं. सगळ्यात शेवटी गडगड्याचा घणाघात थांबला. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता म्हणतात ना, तशी शांतता झाली. टाचणी ऐकायला त्या गल्लीत कान मात्र कुणाचे धड नव्हते. कारागीर आपापल्या उंबऱ्यावर येऊन बसले. रिकाम्या हातांचं काय करावं ते कुणालाच कळेना. कुणी गुडघे चोळले, कुणी नखं पाहिली. छपरावर कबुतरं घुमतात हे चौथ्या दुकानवाल्याला त्या दिवशी समजलं.

तांबट ऐरणीशी बसून वर पाहत राहिला. वरचं बोलणं त्याला ऐकू येणं शक्यच नव्हतं. बारीक आवाज त्याच्या कानांनी केव्हाच सोडून दिले होते. त्याला दिसत होते फक्त लेकीचे दोन पाय, शिडीच्या वरच्या पायरीवर टेकलेले.

पाच मिनिटं गेली. पाय हलेनात. दोन्ही पाय एकमेकांना घट्ट चिकटलेले, आणि बोटं आत मुडपलेली. एरवी ज्या अंगठ्याला क्षणाची उसंत नसायची, तो खिळ्यासारखा ताठ झाला होता. तांबटाने मान वाकडी करून बघितलं. लेकीचा हात दिसला, तो नुसताच मांडीवर होता. बोलताना तिचे हात फार चालत. म्हणजे ती बोलत नव्हती. आणखी एक मिनिट गेलं.

पोरीला येत नाही असं काही असणं शक्य नव्हतं. इंग्रजी? तीन महिने ती आरशासमोर इंग्रजी बोलत होती. आरशाला सगळं समजायला लागलं होतं. मग अडलं कुठे? तो त्या अंगठ्याकडे बघत राहिला, आणि एकदम त्याला ते सगळे पाणी पिण्याचे प्रसंग आठवले. बाबा, थांबलात का? काय झालं? तान्हेपणीचं ते दचकून उठणं आठवलं. त्याने कपाळाला हात लावला. काळजी-बिळजी काही नव्हती हो. ठोका थांबला की पोरीचं डोकं थांबत होतं! आणि त्याने, शहाण्या बापाने, सगळ्यांच्या हातापाया पडून नेमका तोच ठोका बंद करून ठेवला होता.

आता काय करायचं? हातोडी उचलावी तर दहा दुकानांना काय तोंड दाखवायचं? विद्यापीठाची माणसं काय म्हणतील? आणि आपला अंदाज चुकला तर? चुकला तर पोरीचं वाटोळं, आणि ते आपल्याच हाताने. पण अंगठा हलत नव्हता. तांबटाने अर्धवट राहिलेलं पातेलं ऐरणीवर घेतलं, दात आवळले आणि ठोका मारला.

त्या शांततेत तो ठोका तोफेसारखा वाजला. आई स्टुलावरून उडाली. उंबऱ्याउंबऱ्यावरच्या माना गर्रकन वळल्या. तांबटाने दुसरा मारला, तिसरा, मग रोजच्या तालात, पातेल्याच्या बुडापासून काठाकडे, ठोक्याला ठोका लागून. दारात गडगड्या येऊन उभा राहिला. तोंड लाल. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याने हात उचलले आणि दोन्ही तळहात आडवे, पुन्हा पुन्हा आडवे: थांब, थांब, वेड्या, थांब! तांबटाचा हात थांबला नाही. त्याने फक्त हनुवटीने वर खूण केली.

गडगड्याने वर पाहिलं. विटक्या सलवारीखाली उजव्या पायाचा अंगठा हलत होता. आधी चाचरत, मग तालात. वर हातही हवेत गेला होता आणि काहीतरी घडवून दाखवत होता. गडगड्या हात तसेच आडवे धरून उभा राहिला, आणि मग त्याने ते हळूच खाली घेतले.

चाळीसेक ठोक्यांनंतर पातेलं कडक झालं. तांब्याचं असं असतं: मारत गेलं की ते कडक होतं, आवाज खणखणीत येतो, आणि मग हट्टाने मारत राहिलं तर चिरतं. तापवून पुन्हा मऊ करावंच लागतं. तांबटाने मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या दिल्या, की उचलायचंच तर ताजं तापवलेलं भांडं का नाही उचललं. पण इलाज नव्हता. हातोडी ठेवून त्याने पातेलं भट्टीत सरकवलं, पंखा सोडला, आणि भीतभीत वर पाहिलं. अंगठा हलत होता. ठोका थांबला होता तरी हलत होता.

साडेबाराला मास्तरीण शिडीवरून खाली उतरली ती निम्म्या पायऱ्या गाळूनच.

"बाबा, कुणी सांगितलं तुम्हाला ठोकायला?"

तांबटाच्या तोंडचं पाणी पळालं. "चुकलं का माझं?"

"अहो, तोंडाला कुलूप लागलं होतं माझ्या! पहिलाच प्रश्न, ठोकल्यावर धातू कडक का होतो. मला येतंय, अगदी पाठ आहे, पण कानात नुसतं सूं सूं. वाटलं, जगच बंद पडलंय. आणि तेवढ्यात तुम्ही." तिने श्वास घेतला. "तर त्या चष्म्याच्या बाई म्हणाल्या, हा कसला आवाज? खिडकी लावता का? मी म्हटलं, मॅडम, खिडकी लावून हा आवाज जाणार नाही, ते माझे बाबा आहेत. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तेच देताहेत. ऐका. आत्ता आवाज बद्द येतोय, म्हणजे तांबं मऊ आहे. थोड्या वेळाने तो खणखणायला लागेल. मग बाबा थांबतील आणि भट्टीत घालतील."

"मग?"

"मग काय, मुलाखत घेणारे तिघेही ऐकत बसले! टकलू सर तर ठोके मोजत होते. आवाज खणखणला. तुम्ही थांबलात. पंखा सुरू झाला. ते म्हणाले, आता का, ते सांग. मग मी सांगितलं. ठोकलं की आतले कण एकमेकांत अडकून बसतात, तापवलं की सुटतात आणि नीट जागा धरतात. मग त्यांनी विचारलं, मी सांगितलं, त्यांनी विचारलं, मी सांगितलं. वेळ संपली तरी त्यांचं संपेना."

तांबट ऐरणीकडे पाहत राहिला. बत्तीस वर्षं तो हे काम करत होता, आणि आपण एखाद्या प्रश्नाचं उत्तर देतोय असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. त्याला फार बरं वाटलं. इतकं की दुपारी त्याने गडगड्याच्या दुकानात जाऊन खरंच हंडा ठोकायला घेतला, आणि गडगड्याने दोन बोटं वर करून चहा मागवला.

एकोणीस दिवसांनी विज्ञानाच्या बाई गल्लीच्या तोंडापासून धावत आल्या. त्या काय ओरडताहेत ते कुणालाच ऐकू आलं नाही, पण त्यांनी फोनचा पडदा प्रत्येक दुकानासमोर धरला, आणि सातव्या दुकानापर्यंत येता येता मागे अख्खी गल्ली लागली होती. तांबटाचा जीव भांड्यात पडला, आणि भांड्यांना तिथे काही तोटा नव्हता.

मास्तरीण गेली. पहिले पंधरा दिवस फोनवर सगळं छान होतं. खोली छान, खोलीतली मुलगी छान, प्रयोगशाळेत धातू ओढून तोडायचं यंत्र आहे, ते तर फारच छान. ग्रंथालय चार मजली. मग एका संध्याकाळी आवाज बारीक झाला. इतका की बायकोने फोन घेऊन बोलणं तांबटाच्या कानाशी ओरडून सांगितलं. पहिल्या चाचणीत मास्तरीण कशीबशी काठावर पास झाली होती. बाकीची मुलं मोठ्या शाळांतून आलेली, जे आपल्याला आता शिकायचंय ते त्यांचं दोन वर्षांपूर्वीच शिकून झालंय. ते चालेल, ते भरून काढता येईल. पण वाचायला बसलं की डोकंच चालत नाही. "बाबा, इथे फार शांत आहे हो. ग्रंथालयात तर भिंतीवर लिहूनच ठेवलंय, शांतता राखा."

"एवढंच ना?" तांबट म्हणाला. "उद्यापासून फोन ठेवूच नकोस."

दुसऱ्या दिवशी त्याने फोन फळीवर एका पालथ्या वाटीला टेकवून उभा केला आणि कामाला बसला. चेहरा बघायला माळ्यावर चढावं लागायचं, पण नुसत्या आवाजापुरती रेंज फळीपाशीही मिळायची. तिकडे तिने कानात फोनची बोंडं घातली आणि पुस्तक उघडलं. कुणी काही बोलायचं नाही. तास-दोन तास हा ठोकतोय, ती वाचतेय. एकदा बोंडं निघाली आणि हातोडी सगळ्या खोलीत वाजली. खोलीतली मुलगी आधी घाबरली, मग म्हणाली, राहू दे, माझे आजोबा लोहार होते.

सहामाही परीक्षा आली, आणि नेमका आदला दिवस गल्लीच्या सुट्टीचा. अकराही दुकानांना कुलपं. तांबट सकाळी आठला आला, दार उघडलं, फोन वाटीला टेकवला. घेतलेलं एकही काम बाकी नव्हतं, म्हणून त्याने घरातलाच एक जुना पोचे पडलेला हंडा आणला होता. एकटाच ठोकत बसला. एकट्या ठोक्याने गल्ली फार मोठी वाटत होती.

साडेआठला गडगड्या काही विसरलेलं न्यायला आला आणि दारात थबकला. हात हलवून त्याने विचारलं: आज? कुणाचं काम?

तांबटाने फोनकडे बोट दाखवलं, मग पुस्तक उघडल्यासारखे तळहात केले.

गडगड्या निघून गेला आणि तांबटाला वाटलं, संपलं, माणसाला सुट्टी प्यारी असतेच. तेवढ्यात शेजारचं दार करकरलं. फळीवरच्या वाट्या नाचल्या. गडगड्याची हातोडी पडायला लागली होती, दणदणीत, भरभक्कम, आणि तांबटाने न ठरवता आपला ताल तिच्या मध्ये बसवला. असं तासभर चाललं.

मग फोनचा पडदा उजळला; लेकीने फोन तोडून पुन्हा लावला होता. तांबटाने तो कानाला लावला, तशी ती ओरडलीच.

"बाबा! गडगडेकाका पण आलेत?"

"आलेत. तू वाच."

"वाचतेय. पण त्यांना म्हणावं, आता तापवा. मघापासून आवाज खणखणतोय. आणखी दहा ठोके मारले तर हंडा चिरेल."

तांबट उठून शेजारी गेला आणि निरोप कानाशी ओरडून दिला. आपल्या हंड्याबद्दल गडगड्याने आजवर कुणाचाही शब्द ऐकून घेतला नव्हता, स्वतःच्या बापाचासुद्धा नाही. त्याने हातोडी थांबवली. हंडा उचलून उजेडाकडे धरला, काठावर टिचकी मारली आणि आपल्या निकामी कानाजवळ नेला. मग त्याने तांबटाकडे पाहिलं, मान डोलावली आणि हंडा भट्टीत ठेवला.